पायावरची लाल रेघ : लसीकावाहिन्यांचा जंतुसंसर्ग – ओळख, उपचार आणि प्रतिबंध

नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील रामटेक, मौदा, पारशिवनी, कुही, भिवापूर या तालुक्यांत पावसाळ्याबरोबर धानाच्या रोवणीची लगबग सुरू होते. गुडघाभर चिखलात दिवसचे दिवस उभे राहून स्त्री-पुरुष मजूर रोप लावतात. बांधीतील पाण्याने बोटांच्या बेचक्यातील कातडी पांढरी पडते, सोलवटते आणि तिला चिरा जातात. आपल्याकडे या विकाराला ‘चिखल्या’ असे नाव आहे. चिखल्या हा पावसाळ्याचा नेहमीचाच त्रास असे समजून त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मात्र याच दिवसांत एखाद्या मजुराला दुपारी अचानक हुडहुडी भरते, संध्याकाळपर्यंत ताप चढतो, जांघेत दुखरी गाठ येते आणि पाय लाल होऊन सुजतो. घरातील माणसे ‘अवधाण आले’ म्हणतात, कोणी हिवताप म्हणतो, तर कोणी बाहेरची बाधा ठरवून मोकळा होतो. बोटांच्या बेचक्यातील चीर आणि जांघेतील गाठ यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

वस्तुतः हा संबंध अगदी सरळ आहे. बेचक्यातील चिरेतून जंतू आत शिरतात, कातडीखालील लसीकावाहिन्यांतून वर चढतात आणि जांघेतील ग्रंथींपाशी अडवले जातात. या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘लसीकावाहिनी-शोथ’ म्हणतात. वेळीच ओळखला तर तो साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो. दुर्लक्ष झाले तर जंतू रक्तात मिसळून रोग्याच्या जिवावर बेतू शकते. पूर्व विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या प्रदेशात तर अशा प्रत्येक झटक्यागणिक पायाची सूज वाढत जाते आणि अखेरीस धडधाकट माणूस कायमचा अपंग होतो. म्हणूनच या रोगाची माहिती केवळ डॉक्टरांपुरती न राहता ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

लसीकावाहिन्या म्हणजे काय?

रक्त शरीरभर फिरत असताना सूक्ष्म केशवाहिन्यांतून त्यातील काही द्रव पेशींभोवती झिरपतो. त्यातील बराचसा भाग परत रक्तात जातो. उरलेला, म्हणजे दिवसाकाठी सुमारे दोन ते तीन लिटर द्रव, वेगळ्या वाहिन्यांनी गोळा केला जातो. या द्रवाला लसीका आणि त्या वाहिन्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. हाता-पायांतून निघालेल्या या बारीक वाहिन्या एकत्र होत होत मोठ्या होतात आणि शेवटी मानेच्या मुळाशी असलेल्या शिरांमध्ये लसीका रिकामी करतात.

शेतातील जास्तीचे पाणी वाहून नेणाऱ्या चरांशी या व्यवस्थेची तुलना करता येईल. चर बुजला की पाणी शेतात तुंबते, त्याचप्रमाणे लसीकावाहिनी निकामी झाली की तो भाग सुजतो. रक्ताला पुढे ढकलण्यासाठी हृदय आहे, लसीकेसाठी तसा स्वतंत्र पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि वाहिन्यांमधील एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा यांच्या बळावर लसीका वर चढते.

या मार्गावर जागोजागी लसीकाग्रंथी असतात. पायाकडून येणाऱ्या लसीकेसाठी जांघेत आणि हाताकडून येणाऱ्या लसीकेसाठी काखेत त्यांचे पुंजके आहेत. या ग्रंथी म्हणजे शरीराची नाकीच होत. जखमेतून शिरलेले जंतू येथे अडवले जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांच्याशी सामना करतात. ग्रंथी सुजून दुखू लागणे ही त्या झुंजीचीच खूण होय. अवधाण हा स्वतंत्र रोग नसून खाली पायात कोठेतरी जंतूंना वाट मिळाली आहे, याची ती सूचना आहे.

जंतू कोणते आणि ते शिरतात कोठून?

हा विकार बहुतांशी मालागोलाणू या जातीच्या जंतूंमुळे होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू माळेतील मण्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांना हे नाव पडले. काही वेळा पुंजगोलाणूही कारणीभूत असतात. हे जंतू अनेकांच्या कातडीवर अथवा घशात असतात. कातडी अखंड असेतोवर त्यांना आत प्रवेश मिळत नाही.

कातडीला भगदाड पडण्याची कारणे मात्र ग्रामीण जीवनात पदोपदी आढळतात. चिखल्या हे त्यांतील प्रमुख कारण. त्याखेरीज टाचेच्या भेगा, बाभळीचा किंवा संत्र्याच्या झाडाचा काटा, विळ्या-कुऱ्हाडीची जखम, अनवाणी चालताना लागलेली ठेच, डास चावल्यावर नखांनी खाजवून केलेले ओरखडे, खरूज, नखुरडे आणि न भरलेला फोड या साऱ्या जंतूंच्या वाटा आहेत. चीर इतकी लहान असू शकते की रोग्याला ती आठवतही नाही. म्हणून तपासणाऱ्याने पायाचे प्रत्येक बेचके उघडून पाहिले पाहिजे.

मधुमेही, वृद्ध, कुपोषित, दारूच्या आहारी गेलेले आणि ज्यांच्या पायावर आधीच सूज आहे अशा व्यक्तींना या रोगाचा धोका अधिक असतो. मधुमेहात पायाची संवेदना बोथट झाल्याने काटा रुतलेलाही कळत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

रोग ओळखावा कसा?

संसर्ग झाल्यापासून सामान्यतः एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, लक्षणे दिसू लागतात. जखमेच्या जागी ठणका व लाली येते. तेथून एक किंवा अनेक लाल रेघा घोट्याकडून गुडघ्याकडे आणि मांडीवरून जांघेकडे, किंवा हाताच्या बोटांकडून काखेकडे चढत जातात. रेघेवर हात ठेवल्यास ती गरम लागते व दाबल्यास दुखते. जांघेतील अथवा काखेतील गाठी सुजतात. थंडी वाजून ताप येतो. डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ आणि अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे सोबत असतात. पुष्कळदा ताप आधी येतो आणि पायाची लाली नंतर दिसते, त्यामुळे पहिल्या दिवशी निदान चुकण्याचा संभव असतो.

वैद्यकीय पुस्तकांत ‘लाल रेघ’ हे प्रमुख चिन्ह सांगितलेले असले तरी आपल्याकडील सावळ्या किंवा काळ्या वर्णावर ती लाल दिसेलच असे नाही. ती तांबूस, जांभळट अथवा केवळ अधिक गडद पट्ट्यासारखी भासते. अशा वेळी डोळ्यांपेक्षा हातावर भिस्त ठेवावी. हाताची मागील बाजू दोन्ही पायांवर आळीपाळीने फिरवून एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो काय, ते पाहावे. नंतर आतील बाजूने घोट्यापासून वर हलकेच दाबत जावे आणि दुखरी रेषा सापडते काय, ते तपासावे. एका पायाची उष्णता, त्याच बाजूच्या जांघेतील दुखरी गाठ आणि ताप या तीन गोष्टी एकत्र आढळल्यास रोग्याला तात्काळ डॉक्टरकडे पाठवावे.

सारखे दिसणारे अन्य विकार

थंडी-ताप म्हटला की हिवतापाची शंका येणे स्वाभाविक आहे, आणि आपल्या भागात तापाच्या रोग्याचे रक्त तपासणे आवश्यकही आहे. मात्र रक्ताचा नमुना घेतला म्हणजे काम संपले असे मानू नये. रोग्याचे पायही पाहावेत.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवता-झुडपांतील चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्यांच्या चावण्याने होणाऱ्या या तापातही लसीकाग्रंथी सुजतात. चावल्याच्या जागी पुष्कळदा विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आढळते, ती सहसा दुखत नाही आणि तेथून लाल रेघ निघत नाही. या तापावर पेनिसिलीन उपयोगी पडत नाही, त्याला वेगळे औषध लागते. म्हणून अशी खपली दिसल्यास डॉक्टरांच्या नजरेस आणावी.

पोटरीतील खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्यासही एक पाय सुजतो व दुखतो. त्यात जखमेपासून निघालेली रेघ नसते आणि चढा तापही बहुधा नसतो. हा विकारही गंभीर असून त्याला तातडीची तपासणी लागते. पायाची सूज पाहून घरच्या घरी चोळण्या-मळण्याचे उपाय करू नयेत, याचे हे आणखी एक कारण.

हत्तीरोगाशी असलेले नाते

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे दीर्घकाळ हत्तीरोगाचे प्रदेश म्हणून ओळखले जातात. या रोगाचे बारीक धाग्यासारखे कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. त्यांची सूक्ष्म पिले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्रीच्या वेळी रक्तात मोठ्या संख्येने येतात. त्यामुळेच रक्ताचे नमुने रात्री घेण्याची प्रथा पडली. १८७२ मध्ये टिमोथी लुईस यांना कलकत्ता येथे मानवी रक्तात ही पिले आढळली. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे डासाच्या शरीरात त्यांची वाढ होते हे दाखवून दिले. गटारे आणि संडासच्या टाक्या यांतील घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास आपल्याकडे हा रोग पसरवतो.

कृमींच्या वास्तव्याने लसीकावाहिन्या फुगतात आणि त्यांच्या झडपा निकामी होतात. पाय किंचित सुजू लागतो. तुंबलेली लसीका म्हणजे जंतूंच्या वाढीस पोषक असे डबकेच. अशा पायाच्या बेचक्यात चीर पडली की मालागोलाणू सहज शिरतात आणि लाल रेघ, अवधाण व ताप यांचा झटका येतो. झटका ओसरल्यावरही वाहिन्यांची काही हानी मागे राहते. सूज थोडी वाढते, कातडी जाड होते, तिला घड्या पडतात. त्या घड्यांत ओल साठून पुन्हा चिरा पडतात आणि पुढच्या झटक्याची वाट तयार होते. हे दुष्टचक्र वर्षानुवर्षे चालले की हत्तीच्या पायासारखा पाय तयार होतो.

पूर्वी असे झटके कृमींमुळेच येतात अशी समजूत होती. ब्राझीलमधील रेसिफे येथे जेर्युसा ड्रेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासामुळे या समजुतीला छेद मिळाला. कृमी मरतो तेव्हा येणारा झटका निराळा असतो. त्यात दाह ग्रंथीपाशी अथवा कृमी असलेल्या जागी सुरू होऊन खाली उतरतो, वाहिनी दोरीसारखी हाताला लागते आणि ताप सौम्य असतो. याउलट जंतूंचा झटका पायाच्या टोकाकडून वर चढतो आणि अंगाला फणफणून ताप आणतो. सुजलेल्या पायाच्या रोग्यांना वारंवार येणारे त्रासदायक झटके प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारचे असतात. केरळातील आलप्पुळा येथे झालेल्या चाचण्यांतही पायाची नियमित स्वच्छता व निगा राखल्याने झटके कमी होतात, असे आढळून आले. साबण आणि पाणी हेदेखील या रोगावरील औषध आहे, असा त्याचा अर्थ.

आपल्या देशात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्वांना सामुदायिक औषधोपचार देण्यात येऊ लागला. २०१८-१९ मध्ये आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल या तीन औषधांचा एकत्रित उपचार देशातील ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत हाती घेण्यात आला, त्यांत नागपूरचा समावेश होता. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने (स्थापना १९६९) हत्तीरोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. २०२७ पर्यंत हत्तीरोगाचे दूरीकरण करण्याचे उद्दिष्ट भारत सरकारने ठरवले आहे.

या मोहिमेतील गोळ्या पाठवणी करतात ती मुख्यतः रक्तातील पिलांची. त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे होणारा प्रसार थांबतो, आणि म्हणून पात्र असलेल्या प्रत्येकाने त्या घेतल्याच पाहिजेत. तथापि ज्याचा पाय आधीच सुजला आहे त्याची सूज त्या गोळ्यांनी उतरत नाही. त्याला झटक्यांपासून वाचवायचे असेल तर रोजची पायाची निगा आणि झटक्याच्या वेळी तत्पर उपचार यांनाच पर्याय नाही.

उपचार : पहिला दिवस महत्त्वाचा

मालागोलाणूंवरील प्रमुख औषध पेनिसिलीन होय. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये त्याचा शोध लावला. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाल्यावर ते आपल्या देशातच तयार होऊ लागले. अनेक जंतू औषधांना दाद देईनासे झाले असताना या रोगास मुख्यतः कारणीभूत असलेला मालागोलाणू आजही पेनिसिलीनला दाद देतो, ही समाधानाची बाब आहे. अमॉक्सिसिलीनसारखी त्याच कुळातील औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळू शकतात. ज्यांना पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे त्यांना डॉक्टर दुसरे प्रतिजैविक देतात. पूर्वी कोणत्याही औषधाने अंगावर पित्त उठले असेल किंवा दम लागला असेल, तर रोग्याने ते न विसरता सांगावे.

औषधाची मात्रा व मुदत डॉक्टरांनी ठरवावयाची आहे. ती मुदत साधारणपणे सात ते दहा दिवसांची असते. दोन-तीन दिवसांत ताप उतरला की गोळ्या बंद करून कामावर जाण्याची घाई पुष्कळजण करतात. ही घाई महागात पडते. अर्धवट मेलेले दुखणे पुन्हा डोके वर काढते. तपासणीत रुतलेला काटा अथवा पू आढळल्यास तो काढून टाकण्याचे काम डॉक्टरच करतात. धनुर्वाताची लस घेतलेली आहे काय, याचीही विचारपूस होते.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत व घरी परतल्यावर पुढील गोष्टी कराव्यात :

१. रोग्याला पूर्ण विश्रांती द्यावी. पायाखाली उशी अथवा गोधडीची घडी ठेवून पाय छातीपेक्षा थोडा उंच ठेवावा. खाटेच्या पायथ्याकडील खुरांखाली विटा ठेवूनही हे साधते.

२. साध्या गार पाण्यात भिजवून पिळलेले फडके पायावर ठेवावे. त्याने ठणका कमी होतो.

३. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे आणि भरपूर पाणी, पेज, ताक पाजावे.

४. जखम स्वच्छ पाणी व साबणाने हलक्या हाताने धुऊन कोरडी करावी.

५. लालीची किंवा सुजेची कड पेनाने रेखून शेजारी वेळ लिहावी. लाली कडेबाहेर गेली की आत सरली, हे त्यावरून निश्चित कळते. औषध सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत उतार न पडल्यास रोग्याला पुन्हा दाखवावे. पहिल्या काही तासांत लाली किंचित पुढे गेली तरी घाबरून जाऊ नये, मात्र रोग्यावर लक्ष ठेवावे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पाय चोळू नये, त्यावर गरम शेक अथवा घट्ट पट्टी देऊ नये. बिब्बा, चुना, शेण, राख लावू नये आणि डाग देऊ नये. या उपायांनी कातडी भाजते व जंतूंना नव्या वाटा मिळतात. गाठ घरी फोडण्याचा प्रयत्न करू नये. झटका चालू असताना हत्तीरोगाच्या गोळ्या सुरू करू नयेत, झटका ओसरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या घ्याव्यात.

पुढील लक्षणे दिसल्यास एक तासही न दवडता रोग्याला ग्रामीण रुग्णालयात किंवा शक्य तेथे थेट नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवावे : ग्लानी अथवा बडबड, जोराचा श्वास, नाडी फार जलद चालणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, वारंवार उलट्या, कातडीवर पाण्याचे फोड किंवा काळे चट्टे, आणि दिसणाऱ्या लालीच्या मानाने असह्य वेदना. जंतू रक्तात पसरल्याची किंवा कातडीखालील भाग कुजू लागल्याची ही लक्षणे आहेत. लहान मूल, गर्भवती स्त्री आणि मधुमेही यांच्या बाबतीत तर अशी लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये.

ज्यांना असे झटके पुन्हा पुन्हा येतात त्यांना डॉक्टर काही काळ प्रतिबंधक मात्रेत पेनिसिलीन देतात. अशा रोग्यांची यादी आरोग्य केंद्रात असणे उपयुक्त ठरते.

रोजची पायाची निगा

सुजलेल्या पायाच्या रोग्याने रोज, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी, हा क्रम पाळावा. प्रथम पाय उजेडात नीट पाहावा. चिरा, फोड, ओल कोठे आहे ते शोधावे. साध्या स्वच्छ पाण्याने पाय भिजवावा, गरम पाणी वापरू नये. साबणाचा फेस हातावर करून गुडघ्यापासून खाली, कातडीच्या घड्यांत आणि प्रत्येक बेचक्यात हलकेच लावावा. ब्रश किंवा घासणी वापरू नये. साबण पुरता निघेपर्यंत पाणी ओतावे. मऊ स्वच्छ फडक्याने टिपून पाय कोरडा करावा. बेचक्यात फडक्याची बारीक पट्टी सरकवून ओल पूर्ण काढावी. धुणे जितके महत्त्वाचे तितकेच कोरडे करणे महत्त्वाचे, कारण ओल राहिली तर चिखल्या वाढतात. चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम लावावे आणि चिरा भरून येईपर्यंत खंड पडू देऊ नये.

बसताना व निजताना पाय उंच ठेवावा. झटका नसताना दिवसातून अनेकदा घोटा वर-खाली हलवावा व टाचा उचलाव्यात. स्नायूंच्या हालचालीने लसीका वर ढकलली जाते. नखे जपून कापावीत. सैल, पण पाय झाकणारी पादत्राणे वापरावीत. प्रत्यक्ष खर्च साबणाच्या वडीचा व एका फडक्याचा, आणि वेळ पंधरा मिनिटांचा. मात्र ही निगा आयुष्यभर राखावी लागते. म्हणून घरातील एका माणसाने तरी ती शिकून घेऊन रोग्याला साथ द्यावी.

पंचायत, शाळा आणि कर्मचारी यांचे कार्य

ग्रामपंचायतीने रोवणी सुरू होण्यापूर्वीच तयारी करावी. गावातील सुजलेल्या पायाच्या रोग्यांची नोंद आशा स्वयंसेविका व आरोग्य सेवक यांच्या मदतीने अद्ययावत ठेवावी आणि त्यांना पायाची निगा प्रत्यक्ष करून दाखवण्याचा कार्यक्रम उपकेंद्रात घडवून आणावा. कामावरून परतताना मजुरांना पाय धुता येतील अशी पाण्याची सोय सार्वजनिक विहिरीजवळ अथवा नळाजवळ करता येईल. गटारे वाहती ठेवणे आणि संडासच्या टाक्यांच्या वायुनळीला जाळी बसवणे ही कामे क्युलेक्स डासाला आळा घालतात. घाण पाणी आणि अनवाणी पाय, दोन्हींकडे पंचायतीची नजर हवी.

शिक्षकांचे स्थान या कामी विशेष आहे. मुलांचे पाय, नखे व खरूज यांची आठवड्यातून एकदा पाहणी करावी. मालागोलाणूंमुळे कातडीवर फोड आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी गडद तांबडी झाली, तर मूत्रपिंडास बाधा झाल्याचा संभव असतो. अशा मुलाला लगेच आरोग्य केंद्रात पाठवावे. शाळेत शिकलेली पाय धुऊन कोरडे करण्याची सवय मुले घरी नेतात, आणि अनेकदा आजी-आजोबांची निगा तीच राखू लागतात.

विकास खात्यातील अधिकाऱ्यांनी या विकाराचा विचार रोजगाराच्या दृष्टीनेही करावा. झटका आलेला मजूर ऐन हंगामात आठवडाभर अंथरुणाला खिळतो. त्याची मजुरी बुडते आणि त्याच्या शुश्रूषेसाठी घरातील आणखी एका माणसाचा रोज पडतो. वर्षातून असे दोन-तीन झटके आले तर त्या कुटुंबाचे वर्षाचे गणित विस्कटते. त्याखेरीज सुजलेल्या पायामुळे वाट्यास येणारी उपेक्षा, मुलीच्या लग्नात येणारे अडथळे आणि चारचौघांत जाण्याचा संकोच यांचे मोजमाप कोणत्याही तक्त्यात होत नाही. हत्तीरोग हा स्पर्शाने पसरत नाही आणि तो कोणाच्या पापाचे फळही नाही, हे ग्रामसभेत स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

औषधे उपलब्ध आहेत, आरोग्य केंद्रांची व्यवस्था आहे आणि रोगाचे शास्त्रही पुरेसे ज्ञात आहे. उणीव असते ती पहिल्या दिवशी रोग ओळखण्याची. तापाने फणफणलेल्या रोग्याच्या कपाळावर हात ठेवणारी माणसे गावोगाव आहेत. त्यांनी त्याच्या पायांवरचे पांघरूण बाजूला करून बोटांची बेचकीही पाहिली, तर अनेकांचे प्राण वाचतील आणि अनेकांचे पाय त्यांच्या कामास येत राहतील.